आयआरसीवर पोचले कशी आणि टिकले कशी

"आयआरसीवर (इंटरनेटवरच्या एका जुन्या चॅटवर) येऊन विचारा" असं ज्यांना कुणी सांगितलंय आणि ते वाचून ज्यांनी टॅब बंद केलाय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी जून २०२४ मध्ये तिथं पहिल्यांदा गेले आणि सगळं नीट बसेपर्यंत पुढचं वर्ष उजाडलं. काम तसं थोडंच होतं, बहुतेक वेळ कुणाची ना कुणाची वाट बघण्यात गेला, पण कशासाठी थांबायचंय हे आधी कळलं असतं तर जीव एवढा टांगणीला लागला नसता, म्हणून सगळं क्रमानं सांगते.

मी सांगलीत एका पतसंस्थेत नोकरी करते आणि संध्याकाळी मराठी विकिपीडियावर गावांचे लेख नीट करत बसते. पुण्यात आयटीत असलेल्या भाच्यानं थोडं पायथन शिकवलंय. त्यावर मी एक छोटं टूल लिहिलं, जिल्ह्यातल्या गावांच्या कुठल्या लेखांत एकही संदर्भ नाही त्याची रोज यादी काढणारं. लॅपटॉपवर ते व्यवस्थित चालायचं. पण लॅपटॉप रात्री बंद असतो, म्हणून ते टूलफोर्जवर टाकायचं ठरवलं. टूलफोर्ज म्हणजे विकिमीडियानं स्वयंसेवकांसाठी ठेवलेले सर्व्हर, पैसे लागत नाहीत, फक्त मेंबरशिपचा अर्ज करावा लागतो आणि तो माणसं वाचून मंजूर करतात, म्हणून थोडे दिवस जातात. अर्ज मंजूर झाला, एसएसएच की (सर्व्हरवर शिरायची किल्ली) चढवली, टूल टाकलं आणि ते सुरू होताक्षणी पडायला लागलं. लॉगमध्ये आलेल्या एररचा काही अर्थ लागेना. मदतीच्या पानावर लिहिलं होतं, लिबेरा चॅट नावाच्या आयआरसी नेटवर्कवरच्या #विकिमीडिया-क्लाउड या चॅनेलात, म्हणजे चॅटच्या खोलीत, विचारा.

आता आयआरसी म्हणजे काय ते थोडक्यात, कारण हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं. इंटरनेट रिले चॅट. फिनलंडमधल्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी ऑगस्ट १९८८ मध्ये ते सुरू केलं, तेव्हा वेबसुद्धा नव्हतं. मे १९९३ मध्ये त्याचे नियम आरएफसी १४५९ नावाच्या जाहीर कागदात लिहिले गेले आणि आजही मूळ सांगाडा तोच आहे. तुमच्या मशीनवर एक क्लायंट, म्हणजे चॅटचा प्रोग्रॅम, असतो, तो एका सर्व्हरला जोडला जातो, असे बरेच सर्व्हर एकमेकांना जोडून त्यांचं नेटवर्क बनतं. तुम्ही ओळ टाइप करून एंटर मारलं की ती सर्व्हरकडं जाते, त्या क्षणी त्या चॅनेलात जे कोणी असतील त्या सगळ्यांना तो ती पाठवतो, आणि विषय संपला. सर्व्हर ती ओळ साठवून ठेवत नाही. व्हॉट्सॲपसारखं "नेट आल्यावर सगळे मेसेज येतील" असं इथं नाही, तुम्ही नव्हता तेव्हाचं बोलणं तुमच्यापुरतं झालंच नाही. खातं काढणं, सासल, बाउन्सर (काय ते पुढं सांगते), ही सगळी खटपट शेवटी या एका गोष्टीसाठीच आहे, की आपण तिथं असावं आणि असत राहावं.

पहिल्यांदा मी लिबेराच्या वेबसाइटवरूनच गेले. ब्राउझरमध्ये नाव टाकायचं, चॅनेल टाकायचं, आत. खातं-बितं काही लागलं नाही. उजवीकडं नावांची लांबलचक यादी आणि मध्ये शांतता, अधूनमधून विकिबग्ज आणि स्टॅशबॉट असली नावं काहीतरी लिहीत होती, ते बॉट, म्हणजे आपोआप लिहिणारे प्रोग्रॅम, असतात हे नंतर कळलं, एक फॅब्रिकेटरवरच्या (विकिमीडियाच्या तक्रारी नोंदवायच्या साइटवरच्या) तक्रारींची हालचाल सांगतो आणि दुसरा सर्व्हरवर कुणी काय बदललं त्याची नोंद ठेवतो. मी माझा प्रश्न लिहिला आणि थांबले. दहा मिनिटं, वीस मिनिटं, कुणीच काही बोलेना. आमच्याकडं जूनमध्ये वारा सुटला की लाइट जाते, तशी गेली, राउटर बंद. परत आले तर पान कोरं. मला वाटलं आपल्याला कुणी विचारतच नाही.

दोनेक दिवसांनी लक्षात आलं की चॅनेलच्या वर जी एक ओळ असते, तिला टॉपिक म्हणतात, तिच्यात हे चॅनेल जाहीरपणे लॉग होतं असं लिहून लिंक दिलीय. लॉग उघडला. मी गेल्यावर अर्ध्या तासात एकानं माझं नाव घेऊन उत्तर दिलं होतं, उलट प्रश्न विचारला होता की नक्की कुठल्या इमेजवर (टूल चालवायच्या तयार साच्यावर) चालवतेयस, आणि त्यावर दुसऱ्यानं लिहिलं होतं की विचारणारी निघून गेलीय बहुतेक. जगाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या अनोळखी माणसानं आपलं काम थांबवून आपला प्रश्न वाचला आणि आपण तिथं नव्हतो, हे वाचून मला फार वाईट वाटलं. (असा जाहीर लॉग सगळ्या चॅनेलांचा नसतो, त्यामुळं त्या भरवशावर राहू नका. आणि जिथं असतो तिथं आपण लिहिलेलं कायम राहतं, तेही ध्यानात ठेवा.)

भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, वेबवरून नको जाऊस, नीट क्लायंट टाक आणि आधी नाव रजिस्टर कर." म्हटलं, "अरे पण तिथं कोणी बोलतच नाही, किती वेळ बसायचं?" तर म्हणाला, "अगं ते सगळे आपापल्या कामात असतात, खिडकी मागं उघडी असते. विचारून ठेवायचं आणि बसून राहायचं. उठून गेलं की संपलं." हे वाक्य मी तेव्हाच लिहून ठेवलं.

क्लायंट म्हणून मी हेक्सचॅट घेतलं, माझ्या उबुंटूवर (लिनक्सच्या एका प्रकारावर) लगेच बसलं. त्याची शेवटची आवृत्ती फेब्रुवारी २०२४ मध्ये आली आणि करणाऱ्यांनी काम थांबवल्याचं जाहीर केलं, त्यामुळं नव्यानं सुरू करणाऱ्यांनी हॅलॉय किंवा कॉन्व्हर्सेशनसुद्धा बघावं. टर्मिनलवाली (नुसत्या अक्षरांच्या काळ्या खिडकीत काम करणारी) मंडळी इर्सी आणि वीचॅटची नावं घेतात, दोन्ही चांगली आहेत, पण बऱ्याच टर्मिनलांत देवनागरीच्या वेलांट्या आणि जोडाक्षरं इकडंतिकडं होतात, वाचताना डोळे दुखतात. मराठीत लिहिणार असाल तर खिडकीवालाच क्लायंट घ्या.

जोडायचं ठिकाण आयआरसी डॉट लिबेरा डॉट चॅट आणि पोर्ट ६६९७, टीएलएस (कुलूपबंद जोडणी) चालू ठेवून. जुन्या लेखांत पोर्ट ६६६७ सापडेल, ते साधं, न कुलपाचं. अजून एक, गुगलवर सापडणारे निम्मे लेख फ्रीनोडवर जा म्हणतात. ते जुनं झालं. मे २०२१ मध्ये फ्रीनोडच्या मालकीवरून आणि ताब्यावरून मोठं भांडण झालं, तिथले स्वयंसेवक एकगठ्ठा बाहेर पडले आणि त्यांनी लिबेरा चॅट सुरू केलं, स्वीडनमध्ये नोंदलेली ना-नफा संस्था म्हणून. विकिमीडिया, उबुंटू, जेंटू असे कितीतरी प्रकल्प मागोमाग तिकडं गेले. लेखात फ्रीनोड दिसलं की तारीख बघा आणि पुढं सरका.

नाव घेताना मी आधी मराठीत टाकून बघितलं. सर्व्हरनं ४३२ नंबरची ओळ पाठवली, एरोनियस निकनेम, म्हणजे नाव चुकीचं. देवनागरी नाव चालत नाही, इंग्रजी अक्षरं, आकडे आणि थोडी चिन्हं एवढंच, लिबेरावर १६ अक्षरांपर्यंत. (मूळ नियमात तर ९ च होती.) चिन्हांत एक गंमत आहे, महिरपी कंस हे चौकोनी कंसाचं स्मॉल लेटर मानलं जातं, कारण फिनलंडच्या तेव्हाच्या कीबोर्डवर त्या जागी त्यांची ठिपकेवाली अक्षरं होती. त्यामुळं नावात कंस असतील तर दोन वेगळी दिसणारी नावं सर्व्हरच्या लेखी एकच ठरू शकतात. आपण साधं नाव घ्यावं.

मग खातं. हे कुठल्या वेबसाइटवर होत नाही, तिथंच निकसर्व्ह नावाच्या सेवेला मेसेज करून होतं. /एमएसजी निकसर्व्ह रजिस्टर, पुढं पासवर्ड, पुढं ईमेल. (कमांड मी इथं देवनागरीत लिहितेय, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरांत.) मग ईमेलवर एक कोड येतो, तो व्हेरिफाय रजिस्टर अशा कमांडनं परत पाठवायचा. माझा मेल लवकर येईना, तासाभरानं स्पॅममध्ये सापडला. तोपर्यंत खिडकी उघडी ठेवा आणि परत परत रजिस्टर करत बसू नका.

इथं एक काळजी घ्या. पासवर्डची कमांड चॅनेलच्या खिडकीत टाइप करू नका, सर्व्हरच्या नावाचा वेगळा टॅब असतो तिथं करा. मी बघत असताना एका चॅनेलात एकाच्या स्लॅशच्या आधी स्पेस पडली आणि अख्खी ओळ पासवर्डसकट सगळ्यांना दिसली. बाकीच्यांनी लगेच सांगितलं की बदलून टाक, कुणी हसलं नाही, पण जाहीर लॉग असलेल्या चॅनेलात हे झालं तर पुसता येत नाही.

खातं झालं की लगेच सासल लावा. म्हणजे जोडतानाच, कुठल्याही चॅनेलात शिरायच्या आधी, क्लायंट तुमचं लॉगिन करून घेतो. हेक्सचॅटमध्ये नेटवर्कच्या सेटिंगमध्ये लॉगिन मेथड म्हणून सासल निवडायचं आणि नाव-पासवर्ड द्यायचा, एवढंच आहे. मला ही कटकट वाटली होती, पण पुढं दोनदा याच गोष्टीनं वाचवलं, ते येतंच.

मग मी परत #विकिमीडिया-क्लाउडवर गेले, या वेळी रात्री जेवणं झाल्यावर, कारण आपल्याकडची रात्र म्हणजे युरोपात संध्याकाळ आणि अमेरिकेत सकाळ-दुपार, दोन्हीकडची माणसं जागी असतात. शिष्टाचार आधी वाचून घेतले होते. "एक विचारू का?" असं विचारायचं नाही, सरळ प्रश्नच लिहायचा. लांबलचक एरर चॅनेलात ओतायची नाही, पेस्टच्या पानावर टाकून लिंक द्यायची. तोच प्रश्न दर पाच मिनिटांनी परत टाकायचा नाही. मी दोन ओळींत लिहिलं, टूलचं नाव, काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, आणि पेस्टची लिंक. आणि बसले. स्वयंपाकघर आवरून आले तरी काही नाही. पावणेअकराला माझं नाव ठळक झालं, म्हणजे कुणीतरी मला उद्देशून लिहिलं.

समोरच्यानं विचारलं की पायथनचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट कुठं बनवलंयस, लॉगिन केलेल्या मशीनवर की कंटेनरच्या (टूल चालायच्या वेगळ्या बंदिस्त जागेच्या) आत. मी सांगितलं, लॉगिन केलं तिथंच. म्हणाला, तेच. लॉगिनच्या मशीनवरचं पायथन आणि टूल ज्या कंटेनरमध्ये चालतं तिथलं पायथन वेगळ्या आवृत्तीचं असू शकतं, म्हणून ते कंटेनरच्या शेलमध्ये शिरून बनवायचं. कुठली कमांड ते पण दिलं. मी करून बघेपर्यंत तो थांबला. यादी बाहेर पडली, पहिलंच नाव तासगाव तालुक्यातल्या एका गावाचं. मी आभार मानले, त्यानं एक स्मायली टाकली आणि त्याच चॅनेलात दुसऱ्या कुणाशी बोलायला लागला. मी ती खिडकी बराच वेळ बंद केली नाही.

इथंच थांबले असते तरी चाललं असतं. पण मला तिथलं बोलणं वाचायला आवडायला लागलं, सर्व्हर कुणी कसा दुरुस्त केला, कुठलं टूल का अडकलं, न विचारता शिकायला मिळतं. म्हणून पुढचं.

एक दिवस भाचा म्हणाला, स्वतःवर /हूइज (हे कोण, ते सांगणारी कमांड) करून बघ. केलं, तर माझ्या घरचा आयपी पत्ता तिथं दिसत होता, आणि तो चॅनेलातल्या कुणालाही दिसतो. यावर उपाय म्हणजे क्लोक, आयपीच्या जागी एक नाव दिसतं. साधा क्लोक लगेच मिळतो, खातं व्हेरिफाय झालेलं असलं की #लिबेरा-क्लोक या चॅनेलात जाऊन उद्गारचिन्ह लावून क्लोकमी लिहायचं, की बॉट देतो. लावताना तुम्ही बाहेर जाऊन परत आल्यासारखं चॅनेलात दिसतं, "चेंजिंग होस्ट" अशी ओळ येते, त्यानं गडबडून जाऊ नका. आणि हा क्लोक लॉगिन झाल्यावरच लागतो, म्हणजे आधी चॅनेलात शिरलात आणि मग लॉगिन केलं तर तेवढ्या वेळात पत्ता दिसून जातो. सासल लावा म्हटलं त्याचं एक कारण हे.

मला मात्र विकिमीडियाचा क्लोक हवा होता, ज्यात विकिमीडिया, तिरकी रेघ आणि आपलं सदस्यनाव असं दिसतं. त्याला विकिमीडियाकडं वेगळा अर्ज असतो, विकीवरचं खातं आणि आयआरसीवरचं खातं एकाच माणसाचं आहे हे दाखवावं लागतं, आणि विकीवर आपलं थोडं काम झालेलं असावं लागतं. मग स्वयंसेवक वेळ मिळेल तसे अर्ज निकाली काढतात. मी जुलैत अर्ज केला, गणपती बसले, गेले, आणि सप्टेंबरच्या शेवटी तो मिळाला. मधे आठवण करायचा फार मोह झाला, पण आधीचे अर्ज बघितले तर सगळ्यांनाच वेळ लागत होता, म्हणून गप्प राहिले. तोवर साधा क्लोक होताच, त्यामुळं काही अडलं नाही.

राहिलं ते लाइट आणि झोप. रात्री लॅपटॉप बंद केला की मी चॅनेलातून बाहेर, आणि खरं बोलणं नेमकं तेव्हाच. यासाठी बाउन्सर लागतो. कुठल्यातरी कायम चालू असलेल्या मशीनवर एक प्रोग्रॅम आपल्या नावानं जोडून बसतो, आपण नसताना एसटीच्या सीटवर रुमाल टाकून ठेवावा तशी जागा धरून ठेवतो, आणि आपण आलो की मधलं बोलणं हातात देतो. मी झेडएनसी घेतलं. सोजू नावाचं नवं पण आहे.

कायम चालू मशीन म्हणजे व्हीपीएस, भाड्याचा सर्व्हर. सगळ्यात छोटा पुरतो, ५१२ एमबी रॅमसुद्धा चिक्कार झाली. मला महिना ५ डॉलरचा मिळाला, त्यावर १८ टक्के जीएसटी, वर बँकेचा परकीय चलनाचा आकार, सगळं धरून महिन्याला साधारण ५२० रुपये पडतात. पैसे भरताना कार्ड चालेना. मार्च २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं नवीन कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंदच ठेवून देतात, बँकेच्या ॲपमध्ये जाऊन आपण ते चालू करायचे आणि मर्यादा घालायची. मी महिन्याला हजार रुपयांची घातली, पैसे गेले. मग कंपनीनं ओळखपत्र मागितलं. हे वाचून मी थबकले, पण एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेनं काढलेल्या निर्देशांप्रमाणं व्हीपीएस देणाऱ्यांना ग्राहकाचं खात्री केलेलं नाव, पत्ता, फोन ठेवावाच लागतो, सेवा बंद केल्यावरही पाच वर्षं. पॅनचा फोटो दिला. मध्ये शनिवार-रविवार आले म्हणून सोमवारी सर्व्हर हातात आला. हे सगळं ऑक्टोबरमध्ये, दिवाळीच्या आधी.

झेडएनसी बसवणं त्यामानानं सरळ आहे. आधी सर्व्हरवर वेगळा युजर काढा, रूट (सगळे अधिकार असलेला मुख्य युजर) म्हणून चालवू नका, तो स्वतःच हटकतो. मग मेककॉन्फ अशी सोय आहे, ती एकेक प्रश्न विचारते आणि आपण उत्तरं द्यायची. पोर्ट विचारल्यावर ६६६७ किंवा ६६९७ दिलं तर तो इशारा देतो की काही ब्राउझर हे पोर्ट नाकारतात. आणि झेडएनसीची सेटिंगं ब्राउझरमधून करायची सोय फार कामाची आहे, म्हणून दुसराच मोठा आकडा द्या. एसएसएलला (टीएलएसचंच जुनं नाव) हो म्हणा.

आणि मग जोडायला गेले तर लिबेरानं दारातच अडवलं. सासल ॲक्सेस ओन्ली. भाड्याच्या सर्व्हरांवरून बराच त्रास दिला जातो म्हणून असे काही पत्त्यांचे पट्टे त्यांनी बंद ठेवलेत, तिथून फक्त आधीपासून खातं असलेल्यालाच, तेही सासलनं, आत घेतात. म्हणजे खातं घरच्या नेटवरून आधी काढलेलं असणं जरुरीचं आहे, सर्व्हरवरून पहिल्यांदा काढायला गेलात तर तिढा होतो. माझं होतं. झेडएनसीच्या आतल्या भागांशी बोलायचं म्हणजे माणसाला मेसेज करावा तसंच, फक्त नावाआधी चांदणी (*). चांदणी-सासल याला नाव आणि पासवर्ड कळवला, चांदणी-स्टेटस याला परत जोड म्हटलं, आणि जोडलं गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन लॅपटॉप उघडला. चॅनेलात आधी एक ओळ आली, बफर प्लेबॅक. मग रात्रभराचं बोलणं, प्रत्येक ओळीपुढं वेळ घातलेली, पहाटे दोन, सव्वादोन, पावणेचार. शेवटी प्लेबॅक कम्प्लीट. त्यात माझं नाव घेऊन एकानं मी आदल्या दिवशी विचारलेल्या गोष्टीचं उत्तर दिलं होतं, पहाटे तीन वाजून गेल्यावर. खूप आनंद झाला, जूनची आठवण होतीच मनात.

दोन सेटिंगं मात्र बदलावी लागतात. बफर, म्हणजे आपल्यासाठी धरून ठेवलेल्या ओळी, मुळात चॅनेलामागं ५० ओळींचा असतो, गजबजलेल्या चॅनेलात तो तासाभरात भरतो, मी ५०० केला. आणि ऑटो क्लिअर चॅन बफर म्हणून एक आहे, ते चालू असतं तेव्हा एकदा वाचून झालं की बफर रिकामा होतो, म्हणजे बसमध्ये फोनवर वाचलं की घरी लॅपटॉपवर काही मिळत नाही. ते बंद केलं. आता दोन्हीकडं येतं, काही ओळी दुसऱ्यांदा दिसतात एवढंच.

आता मराठी लिहिण्याबद्दल, कारण हे आपल्याला जास्त लागतं. आयआरसीची एक ओळ जास्तीत जास्त ५१२ बाइटची, आणि त्यात तुमचं नाव, होस्ट (आयपी किंवा क्लोक), कमांड, चॅनेलचं नाव, शेवटची दोन चिन्हं सगळं येतं. मजकुराला चारशेच्या आसपास उरतात. इंग्रजी अक्षर एक बाइट घेतं, देवनागरीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक मात्रा, प्रत्येक हलन्त तीन-तीन. विकिपीडिया हा शब्द मराठीत लिहिला की ३० बाइट, इंग्रजीत ९. म्हणजे आपल्याला एका ओळीत चिन्हं मिळतात साधारण १३०-१४०, आणि त्यात मात्राही मोजायच्या. चांगला क्लायंट ओळ लांबली की स्वतः तोडून दोन पाठवतो, काही तोडत नाहीत, मग सर्व्हर कापतो आणि अक्षराच्या मधोमध काप पडला तर शेवटी काळा चौकोन दिसतो. मराठीत छोट्या ओळी लिहाव्यात, वाक्य झालं की एंटर. मला वाटतं १९८८ सालच्या या गोष्टीनं आपली लिपी एवढी विनातक्रार वाहून न्यावी हेच फार आहे, आयआरसीला बाइटमध्ये काय लिहिलंय याच्याशी देणंघेणंच नाही.

याचंच एक मला आवडलेलं रूप आहे. विकिमीडियाचा स्वतःचा वेगळा आयआरसी सर्व्हर आहे, तिथं बोलता येत नाही, फक्त वाचता येतं. प्रत्येक विकीचं एक चॅनेल, आणि त्या विकीवर जो बदल होईल त्याची ओळ लगेच तिथं पडते. मी #एमआर डॉट विकिपीडिया लावून ठेवते. दुहेरी कंसात लेखाचं नाव, लिंक, कुणी केला, किती बाइट वाढले वा घटले, आणि सारांश. कुणी नुसता एक अनुस्वार टाकला की +३ येतं. रविवारी दुपारी कुणीतरी एकेका गावाच्या लेखात शिरून शुद्धलेखन नीट करत असतं आणि इकडं +३, +३, +६ पडत राहतं, तेव्हा आपण या कामात एकटे नाही असं अगदी आतून वाटतं.

जानेवारी २०२५ पासून सगळं सुरळीत चाललंय. टूल रोज पहाटे यादी काढतं. घरचं नेट आमच्या इथल्या केबलवाल्याचं, एकच आयपी कितीतरी घरांत वाटलेला, त्यामुळं मधे एकदा दुसऱ्या कुणाच्या उद्योगानं तो पत्ताच काही दिवस नेटवर्कवर अडवला गेला होता, पण मी व्हीपीएसवरून जोडलेली असल्यामुळं मला त्याचा त्रास झाला नाही. बाउन्सर नको असेल त्यांना ५२० रुपये घालवायची काहीच गरज नाही, प्रश्न विचारायचाय तेवढ्यापुरतं खातं, सासल आणि साधा क्लोक पुरे, त्याला शून्य खर्च. फक्त लाइट जाणार असेल तर फोनचा हॉटस्पॉट तयार ठेवा. आता मला पासवर्डऐवजी सर्टिफिकेटनं लॉगिन होणारं सर्टएफपी लावायचंय, मार्चएंडची कामं उरकली की बसेन त्याला. खात्याचं किंवा जोडणीचं कुठं अडलं तर लिबेराच्याच #लिबेरा चॅनेलात विचारा, तिथले लोक नवीन माणसाला नीट सांगतात.